फाईल घरी असू द्या

"याआधी कोणती औषधं झाली?" नव्या डॉक्टरांच्या या पहिल्याच प्रश्नाला बहुतेक घरं अडखळतात. रात्रीची छोटी पांढरी गोळी होती. मग ती बंद केली. का केली? झोप फार यायची म्हणून, की गुण येईना म्हणून? किती मिलिग्रॅम होती, किती आठवडे घेतली? आई एक सांगते, भाऊ दुसरंच सांगतो, आणि ज्याचा आजार आहे तो मान खाली घालून बसलेला असतो. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात. सरकारी ओपीडीत तेवढीही नसतात.

मनाचा आजार वर्षानुवर्षं चालणारा आणि गुंतागुंतीचा असतो, म्हणजे स्किझोफ्रेनियाबरोबर (भास आणि संशयाचा आजार) नैराश्य, बायपोलरबरोबर (कधी उन्माद, कधी नैराश्य) दारू, ओसीडीबरोबर (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा) जेवणाचे वांधे, तेव्हा उपचाराची अर्धी भिस्त मागच्या इतिहासावर असते. हे आजार रक्त तपासून कळत नाहीत. आधी काय झालं, कशाने फरक पडला आणि कशाने बिघडलं, यावरच पुढचं पाऊल ठरतं. म्हणून घरात नीट लावलेली एक फाईल असणं, हे मला आणखी मोठा डॉक्टर शोधण्याच्याही आधीचं काम वाटतं.

इतिहास हरवला की काय बिघडतं ते बघा. स्किझोफ्रेनियात दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये प्रत्येकी साधारण सहा आठवडे देऊनही आवाज आणि संशय हटले नाहीत, तर क्लोझापीनचा विचार होतो. ज्यांना इतर कशानेच गुण येत नाही त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना या औषधाने येतो. पण दहा दिवसांत सोडून दिलेलं औषध "लागू पडलं नाही" असं मोजता येत नाही. कागदच नसेल तर डॉक्टरांना पहिल्या औषधापासून सुरुवात करावी लागते, आणि त्या माणसाचे आणखी तीन महिने त्याच आवाजांत जातात.

बायपोलरचं वेगळं आहे. तो पुष्कळदा नैराश्याच्या तोंडवळ्याने सुरू होतो. डॉक्टरांसमोर बसलेला माणूस रडवेला, थकलेला असतो. तीन वर्षांपूर्वी तो आठवडाभर रोज तीनच तास झोपून ताजातवाना असायचा, रात्री दोनला लोकांना फोन करायचा, कर्ज काढून दुकान टाकायला निघाला होता, हे कुणी सांगतच नाही. घरच्यांच्या मते तेव्हा तर तो छान होता! मग नुसतंच नैराश्याचं औषध सुरू होतं आणि काही जणांत त्यानेच उन्माद उसळतो. हा चांगला वाटणारा काळ फाईलमध्ये तारखेनिशी असायलाच हवा.

निदान बदललं म्हणून घाबरू नका, आणि आधीचे डॉक्टर चुकले असंही लगेच ठरवू नका. पहिल्या वर्षी नैराश्य, तिसऱ्या वर्षी बायपोलर, पाचव्या वर्षी स्किझोअफेक्टिव्ह (स्किझोफ्रेनिया आणि मूडच्या आजाराची सरमिसळ) असा प्रवास होऊ शकतो, कारण आजाराचे सगळे रंग एकदम दिसत नाहीत. जो शब्द ज्या डॉक्टरांनी ज्या दिवशी वापरला तो तसाच लिहून ठेवा.

आता फाईल. एक साधी बॉक्स फाईल आणि एक शंभर पानी वही एवढंच लागतं. फाईलमध्ये कागद तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा वर: चिठ्ठ्या, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर मागून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २५ प्रमाणे स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. थर्मल कागदावरची बिलं आणि काही रिपोर्ट वर्षभरात पुसट होतात, त्यांची झेरॉक्स लगेच काढा. मोबाइलमध्ये फोटो असू द्या, पण फोटोवर विसंबू नका. ओपीडीत डॉक्टर मोबाइल हातात घेऊन चाळीस फोटो पुढे-मागे करत बसत नाहीत.

सगळ्यात वर एकच पान ठेवायचं, आणि खरी मेहनत त्यावर करायची. वरच्या भागात आज चालू असलेली औषधं. नाव लिहिताना स्ट्रिपच्या पुढचं मोठं ब्रँडचं नाव नको, बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव हवं. एकच औषध बाजारात डझनावारी नावांनी मिळतं. केमिस्ट "हे संपलंय, हे घ्या, तेच आहे" म्हणून दुसऱ्या नावाचं देतो, आणि घरी जुन्या स्ट्रिपच्या उरलेल्या गोळ्याही चालू राहतात. असा दुप्पट डोस नकळत पोटात जातो. नावापुढे मिलिग्रॅम, वेळ, आणि कोणत्या तारखेपासून. एसआर किंवा सीआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी कुटून द्यायची नसते, म्हणून ती अक्षरंही उतरवा.

त्याखाली आडव्या रेघा मारून मागचा इतिहास, एका ओळीत एक औषध: कधीपासून कधीपर्यंत, सगळ्यात जास्त डोस किती झाला, फरक पडला का, बंद का केलं. नमुन्यादाखल: "रिस्पेरिडोन, जून ते ऑगस्ट, ४ मिग्रॅपर्यंत, आवाज कमी झाले, पण हात कडक आणि पाळी बंद, म्हणून थांबवलं." ही एक ओळ डॉक्टरांना तुमच्या अर्ध्या तासाच्या कहाणीपेक्षा जास्त सांगते. कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं असेल तर ते लाल पेनने. बायपोलरमध्ये देतात त्या लॅमोट्रिजिनचं पुरळ क्वचित जीवावर बेतू शकतं. म्हणून ते २५ मिग्रॅच्या आसपास सुरू करून आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवतात, आणि काही दिवस खाडा झाला तर जुन्या डोसवर उडी न मारता डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढतात. बाईचं वय मूल होण्याचं असेल आणि उन्मादावरचं व्हॅलप्रोएट चालू असेल, तर "गर्भ राहिला तर काय" हा प्रश्न आधीच विचारून उत्तर लिहून ठेवा. या औषधाने बाळात व्यंग येण्याचा धोका बराच आहे, आणि कळेपर्यंत पहिले महत्त्वाचे आठवडे निघून गेलेले असतात.

बाकीचंही लपवू नका. थायरॉइड, बीपी, शुगर, दमा, त्यांची औषधं, विशेषतः स्टिरॉइड. दारू, गांजा, तंबाखू. देवऋषीकडून आणलेली पुडी घेतली असेल तर तीही तारखेसह. काही पुड्यांत धोत्र्यासारखं काही असू शकतं, आणि धोत्र्याने माणूस आपोआप भ्रमिष्ट होतो. डॉक्टर रागावतील या भीतीने हे गाळलं तर निदानाची गाडी चुकीच्या रुळावर जाते. पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तर थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेणं शहाणपणाचं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही.

लिथियमबद्दल सविस्तर लिहिते, कारण फाईल सगळ्यात जास्त कामी येते ती इथे. बायपोलरमध्ये हे जुनं आणि फार मोलाचं औषध आहे, पण त्याचा उपयोगी डोस आणि घातक डोस यांत अंतर थोडं आहे. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात ठेवतात. १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका. ही पातळी शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी घेतलेल्या रक्तावर ठरलेली आहे. रात्री ९ ला गोळी, तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. घरी सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा सकाळी ६:३० ला दारात उभा राहतो, तुम्ही रक्त देता, आणि पातळी उगाच जास्त दिसते. याच्या उलट, आठवड्यात दोन-तीन गोळ्या चुकलेल्या असतील आणि ते सांगितलं नाही, तर पातळी कमी येते, डॉक्टर डोस वाढवतात, मग माणूस नेमाने गोळ्या घेऊ लागतो आणि विषबाधा होऊ शकते. म्हणून रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनने चार गोष्टी लिहा: शेवटची गोळी किती वाजता, रक्त किती वाजता, चालू डोस, आठवड्यात चुकलेल्या गोळ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. काही हिरव्या टोपणाच्या नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन असतं ते लिथियमयुक्त असतं. त्या नळीत रक्त घेतलं तर नळीतलंच लिथियम मोजलं जातं आणि आकडा भलताच वर जातो. "लिथियम लेव्हल आहे, हिरवी नळी नको," एवढं लॅबमध्ये सांगायला लाजू नका. पेशंट ठणठणीत आणि आकडा घाबरवणारा असेल तर पहिला संशय या नळीवर आणि घड्याळावर घ्या, पण डॉक्टरांना फोन मात्र त्याच दिवशी करा. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी, सुरुवातीच्या वर्षात दर तीन महिन्यांनी पातळी बघतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम साधारण सहा महिन्यांनी. हे आकडे एका खाली एक लिहिले की क्रिएटिनिन ०.८, ०.९, १.१ असं हळूहळू वर सरकताना दिसतं. सुट्या रिपोर्टांत प्रत्येक वेळी "नॉर्मल" एवढंच दिसतं.

मूत्रपिंड लिथियमला मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. त्यामुळे जुलाब, उलट्या, ताप, विदर्भातला मे महिना, वारीतली दिवसभराची चाल, हरितालिकेचा निर्जळी उपास, रोजे, या सगळ्यांत पातळी चढू शकते. बीपीसाठी कुणी "मीठ बंद" सांगितलं तरी चढते. टेल्मिसार्टनसारखी बीपीची औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं यांनीही चढते. गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आणलेल्या साध्या गोळीत पुष्कळदा हेच असतं. पॅरासिटामॉल चालतं. फॅमिली डॉक्टरांना, दातांच्या डॉक्टरांना, सगळ्यांना फाईलचं पहिलं पान दाखवायचं ते याचसाठी. हाताला बारीक कंप येणं लिथियमवर नेहमीचं आहे. पण हात इतका थरथरला की चहाचा कप सांडतोय, बोलणं जड झालंय, चालताना झोक जातोय, उलट्या-जुलाब आणि गुंगी आहे, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखान्यात.

क्लोझापीनचं मोजमाप वेगळं. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होण्याची शक्यता पहिल्या १८ आठवड्यांत जास्त असते, म्हणून तेवढे आठवडे दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), मग वर्ष पूर्ण होईपर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याने, असा परिपाठ बऱ्याच ठिकाणी आहे. ताप आला किंवा घसा धरला तर त्याच दिवशी सीबीसी करा, "व्हायरल आहे" म्हणून थांबू नका. बद्धकोष्ठता किरकोळ वाटते, पण या औषधावर आतडं खरोखर ठप्प होऊ शकतं, म्हणून शौचाला झाल्याची खूण वहीत हवी. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या डोसने परत सुरू करायचं नाही. पुन्हा १२.५ मिग्रॅपासून चढावं लागतं, नाहीतर बीपी एकदम खाली जाऊ शकतं. आणि बिडी-सिगारेट! धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. धूम्रपान सोडलं किंवा भरती झाल्यामुळे बंद झालं की पातळी आपसूक वाढते आणि माणूस दिवसभर झोपाळलेला होतो. हा परिणाम धुराचा आहे, मिश्री-गुटख्याने तो होत नाही. सोडू नका असं नव्हे, सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा.

ओलान्झापीन, क्लोझापीन यांवर वजन आणि साखर वाढते. महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने बेंबीपाशी कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की साखर आणि चरबीची तपासणी लांबवू नये.

वही रोजची, पण रोज एका मिनिटाची. झोप किती तास आणि कधीपासून कधीपर्यंत, गोळ्या घेतल्या का, आणि वेगळं काही असेल तर एक ओळ. "मंगळवार. झोप ४ तास, १ ते ५. गोळ्या दोन्ही वेळा. तीन पार्सलं मागवली." एवढं पुरे. पानभर लिहायला घेतलं की आठवड्यात वही बंद पडते. बहुतेक घरांत आजार उलटण्याआधी झोप बिघडते, पण प्रत्येकाची दुसरी खूण आपापली असते: कुणी आरसे झाकतं, कुणी देवासमोर तासन् तास बसू लागतं, कुणी आंघोळ सोडतं, कुणाची गाण्याची पट्टी वाढते. शुभार्थी, म्हणजे आजारी माणूस, बरा असताना त्याच्याबरोबर बसून तीन खुणा ठरवा आणि प्रत्येकीपुढे कृती लिहा. "सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप, तर डॉक्टरांना फोन." आधी ठरलेलं असलं की ऐनवेळी भांडण कमी होतं, कारण ती अट त्याने स्वतः घातलेली असते. शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या स्वमदत गटांत रुळले आहेत. आजारी माणूस आणि त्याला सांभाळणारा, दोघांनाही मान देणारे आहेत म्हणून मी वापरते. अशा गटात एकदा जाऊन बसाच.

मदत कुठून घ्यायची? औषधं लिहिणार ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारायला हरकत नाही. नुसतं "समुपदेशक" ही पाटी कुणीही लावू शकतं. खाजगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. भरती लागली तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. फोनवर टेलीमानस, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. भेटीला जाताना पहिलं पान आणि वहीतला गेला महिना पुढे ठेवा आणि चारच प्रश्न विचारा: हे औषध कशासाठी, फरक किती आठवड्यांत दिसेल, कोणता त्रास झाला तर लगेच यायचं, रक्त कधी तपासायचं. उत्तरं तिथेच उतरवून घ्या, घरी पोचेपर्यंत दोघांना दोन वेगळी आठवतात.

घरात कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल तर गोळ्यांचा साठा कुलपात, हाताशी फार तर आठवड्याच्या. शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात. "मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. विचारा, एकटं सोडू नका, १४४१६ किंवा १०८ लावा. पोलिस केस होईल या धास्तीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने, उलट सिद्ध झालं नाही तर, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि शिक्षा होत नाही.

भरतीबद्दल थोडक्यात. स्वतःहून दाखल झालेला पेशंट सुटी मागू शकतो. डॉक्टरांना काळजी वाटली तर तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. निर्णय घेण्याची क्षमता त्या वेळी नसेल तर कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत भरती होते, त्यासाठी दोन जणांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ. साखळीने बांधणं आणि भूल न देता शॉक देणं कायद्याने बंद आहे. शॉकला म्हणजे ईसीटीला घाबरून नकार देण्याआधी मात्र नीट समजून घ्या. भूल देऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात खूप उपयोगी पडतो. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी आयडियाज ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, समजणं-बोलणं आणि काम या चार गोष्टींना गुण, शिवाय आजाराचा काळ. ४० टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती मिळतात, आणि काळ सिद्ध करायला पुन्हा हीच फाईल लागते.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, ठरवता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. घरच्यांपैकीच कुणी हवं असं नाही, मैत्रीणही चालते. तो कागद फाईलमध्ये दुसऱ्या पानावर.

शेवटी, ही फाईल कुणाची? ज्याचा आजार त्याची. तो केव्हाही ती उघडून वाचेल हे धरूनच लिहा. "वेड्यासारखं केलं" असं लिहू नका. "रात्री तीन वेळा दार उघडून पाहिलं, शेजारी कट करतायत म्हणाला," असं लिहा. दुसऱ्या वाक्याने कुणी दुखावत नाही आणि डॉक्टरांनाही तेच कामाचं असतं. पाहुण्यांच्या हाती लागेल अशी टीव्हीखाली ठेवू नका. आणि एक पान त्याच्या स्वतःच्या हातचं असू द्या: मी बिघडलो की कुणाला बोलवा, कोणती गोळी मला पुन्हा नको आणि का, कोण खोलीत आलं की मला शांत वाटतं, ऑफिसात काय सांगायचं, मांजराला कोण जेवू घालेल. वर तारीख, खाली सही.